लॉकरिंग नेमकी किती आवळायची?

गिअरच्या सायकलचं मागचं चाक काढून उजव्या बाजूने पाहिलं की दातेरी चकत्यांची चळत दिसते. ही कॅसेट. चळतीच्या बाहेरच्या टोकाला, सर्वांत लहान चकतीच्या तोंडाशी एक रिंग आवळलेली असते. तिच्या आतल्या कडेला बारा खाचा असतात आणि तोंडावर बारीक अक्षरांत बहुतेक वेळा एक आकडा कोरलेला असतो: ४० एनएम. ही लॉकरिंग. आठ, दहा किंवा बारा चकत्या आणि त्यांच्यामधले स्पेसर हा सगळा संसार जागच्या जागी दाबून धरायचं काम ही एकटी रिंग करते.

एनएम म्हणजे न्यूटन-मीटर, पिळाच्या जोराचं माप. हँडलच्या स्टेमवरचे छोटे बोल्ट साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटरला आवळतात. लॉकरिंगला त्याच्या सात-आठपट जोर हवा. सायकलवर इतका पीळ मागणाऱ्या जागा मोजक्याच आहेत; पेडल, क्रँकचे बोल्ट, बॉटम ब्रॅकेट आणि ही रिंग त्यांतल्या मुख्य. घरी सायकल उघडणारी माणसं स्टेमच्या बाबतीत जपून हात चालवतात, आणि ते बरोबरच आहे. पण तोच जपलेला हात लॉकरिंगला लावला की ती निम्मीसुद्धा आवळली जात नाही.

मात्र आकडा गाठला की काम फत्ते, असंही नाही. टॉर्क रेंच ४० ला ‘टक्क’ करते आणि तरीही कॅसेट हाताला हलते, असं होऊ शकतं. का होतं, हे कळण्यासाठी ही रिंग मुळात कशाला धरून ठेवते ते पाहावं लागतं.

त्याआधी एक खातरजमा. मागे बसलेली वस्तू कॅसेट आहेच का? भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्तातल्या अनेक गिअर सायकलींवर कॅसेट नसते, तर हबच्या आट्यांवर आख्खं बसणारं सहा-सात चकत्यांचं फ्रीव्हील असतं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. चाक हातात धरून चकत्या उलट्या फिरवाव्यात आणि मधल्या, हत्यार बसवायच्या खाचांकडे पाहावं. खाचा चकत्यांबरोबर गरगर फिरत असतील तर ती कॅसेट. चकत्या फिरताहेत आणि खाचा मात्र जागच्या जागी आहेत, तर ते फ्रीव्हील. फ्रीव्हीलला लॉकरिंग नसते, लागतही नाही. पेडल मारलं की चकत्या ज्या दिशेला ओढल्या जातात, त्याच दिशेला ते हबवर घट्ट होत जातं. स्वार जितका दणकट, तितकं फ्रीव्हील पक्कं. जुनं फ्रीव्हील काढताना मिस्त्रींना घाम फुटतो तो याचमुळे.

फ्रीव्हील आणि कॅसेट यांच्यामध्ये बराच मोठा इतिहास आहे, आणि त्यातला निर्णायक भाग जपानमध्ये घडला. ओसाकाजवळचं साकाई हे सुऱ्या-चाकू आणि बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचं जुनं गाव. तिथे १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो यांनी लोखंडकामाचा कारखाना काढला, आणि त्याचं पहिलं उत्पादन होतं सायकलचं फ्रीव्हील. पुढे गिअर वाढत गेले तशी आट्यांवरच्या फ्रीव्हीलची एक उणीव उघडी पडली. चकत्या वाढल्या की हबचं उजवं बेअरिंग फ्रेमच्या टोकापासून आत, चाकाच्या मध्याकडे सरकतं. मधला एक्सल तेवढा आधाराशिवाय उरतो आणि खड्ड्यात आपटून वाकतो, कधी तुटतो. शिमानो कंपनीने १९७८ मध्ये आणलेल्या फ्रीहबने हा प्रश्न मुळातून सोडवला. पुढे ओढणारी आणि मागे मोकळी सुटणारी यंत्रणा, म्हणजे स्प्रिंगवरच्या छोट्या खिट्ट्या आणि दातेरी कडं, त्यांनी हबचाच भाग केली आणि बेअरिंग बाहेर, फ्रेमजवळ नेलं. चकत्या तेवढ्या वेगळ्या राहिल्या. हबच्या नळीवर उभे कंगोरे, चकत्यांना आतून तशाच खाचा. चकत्या नुसत्या सरकवायच्या.

पण त्या सरकून बाहेर येऊ नयेत म्हणून काय? सुरुवातीच्या पद्धतीत सर्वांत लहान चकतीलाच आटे होते. ती फिरवून बसवली की बाकीच्या आपोआप दाबल्या जात. पेडल मारून तीही घट्ट होई, म्हणून काढायला दोन चेन व्हिप, म्हणजे चेनचा तुकडा लावलेले दांडे, लागत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिमानोची हायपरग्लाइड पद्धत आली. तिच्यात शेजारशेजारच्या चकत्यांचे दाते एकमेकांच्या संदर्भात ठरावीक जागीच यावे लागतात, तरच चेन एका चकतीवरून दुसरीवर अलगद चढते. आट्यांवर फिरून बसणारी चकती दरवेळी त्याच जागी थांबेल याची खात्री देता येत नाही. म्हणून सगळ्या चकत्या कंगोऱ्यांवर आल्या, एक कंगोरा बाकीच्यांहून वेगळ्या रुंदीचा ठेवला गेला, म्हणजे चकती एकाच तऱ्हेने आत जाते, आणि चळत दाबून धरायला वेगळी लॉकरिंग आली. आज बारा चकत्यांच्या मायक्रोस्प्लाइन किंवा स्रॅम कंपनीच्या एक्सडी पद्धतीत कंगोऱ्यांचे आकार पार बदलले आहेत. ४० चा आकडा मात्र तसाच राहिला आहे.

आता जोराचा हिशोब. वाईहून पाचगणीकडे पसरणी घाट चढणारा ७० किलो वजनाचा स्वार एखाद्या वळणावर उभा राहून सगळा भार एका पेडलवर टाकतो. क्रँक १७ सेंटिमीटरची असेल तर क्रँकवर साधारण ११७ न्यूटन-मीटर पीळ पडतो. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असतील तर तेवढाच पीळ कॅसेटवर येतो. माउंटन बाइकवर पुढे ३२ आणि मागे ५१ दाते असतील तर तो १८६ पर्यंत जातो. लॉकरिंगच्या ४० पुढे हे आकडे कितीतरी मोठे आहेत, आणि तरीही ती सुटत नाही. कारण हा पीळ तिच्याकडे येतच नाही. तो चकतीच्या खाचांमधून थेट हबच्या कंगोऱ्यांवर जातो. लॉकरिंगचं काम फक्त बाजूने दाबण्याचं.

मग इतका जोर कशाला? सरकवता यावी म्हणून प्रत्येक चकती आणि कंगोरा यांच्यात केसभर फट ठेवलेलीच असते. दर पेडलला चकती त्या फटीपुरती पुढे ढकलली जाते, पेडल सैलावलं की मागे येते. चेन तिरकी असेल तर तिला कडेनेही ओढते. चळत नीट दाबलेली असेल तर चकत्या आणि स्पेसर एकमेकांना घर्षणाने धरून राहतात आणि सगळं मिळून एकच ठोकळा असल्यासारखं वागतं. दाब कमी पडला की प्रत्येक चकती सुटी वागायला लागते. पोलादी चकत्या आणि ॲल्युमिनियमची फ्रीहब-नळी अशी जोडी असेल तर याचा परिणाम डोळ्यांना दिसतो: कंगोऱ्यांच्या एका बाजूला ओळीने बारीक घाव पडलेले असतात. थोडे घाव पक्क्या कॅसेटखालीही पडतात, कारण धातूच मऊ आहे. पण सैल कॅसेट ते खोल करते, आणि खोल घावांत रुतलेली चकती मग काढता काढता निघत नाही.

आता टॉर्क रेंचने ४० दाखवूनही कॅसेट हलते त्याकडे वळू. लॉकरिंगच्या आट्यांचा भाग फ्रीहबच्या नळीच्या आत जातो आणि तिची बाहेरची कडा शेवटच्या चकतीवर दाबते. म्हणजे चळत नळीच्या टोकापेक्षा किंचित बाहेर आलेली असायला हवी. तशी ती नसेल तर रिंगची कडा चकतीवर टेकण्याऐवजी नळीच्या टोकावरच टेकते. लोखंडावर लोखंड बसतं, रेंचला भरपूर विरोध मिळतो, आकडा येतो, आणि चकत्या मात्र आतमध्ये मोकळ्याच राहतात. यातली सर्वांत नेहमीची परिस्थिती मापं जुळत नसल्याने येते. शिमानोच्या रोड सायकलींवर अकरा गिअर आले तेव्हा फ्रीहबची नळी १.८५ मिलिमीटर लांब झाली. त्यामुळे आठ किंवा नऊ गिअरची कॅसेट अशा नळीवर चढवायची तर तिच्यामागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर आधी घालावा लागतो. शिमानोच्या बहुतेक दहा गिअरच्या रोड कॅसेटना त्याखेरीज आणखी १ मिलिमीटरचा वायसर लागतो. सात गिअरची कॅसेट जुन्या आठ-नऊ गिअरच्या नळीवर घालायची तर ४.५ मिलिमीटर. उलटही होतं. शिमानोच्या ११ ते ३४ दात्यांच्या काही अकरा-गिअर कॅसेट मुळात जुन्या आखूड नळीच्या मापाच्या आहेत. लांब नळीसाठी १.८५ चा स्पेसर त्यांच्यासोबतच मिळतो. तो स्पेसर आखूड नळीवरही घातला तर चळत फार बाहेर येते आणि लॉकरिंगला धरायला जेमतेम दोन-तीन आटे मिळतात.

हा पातळ स्पेसर हरवणं हा प्रकार दिसतो त्याहून फार सर्रास घडतो. जुनी कॅसेट उतरवताना तो ग्रीस आणि मातीसकट नळीच्या बुडाशी चिकटून बसतो, किंवा जुन्या कॅसेटच्या पाठीला चिकटून तिच्याबरोबर भंगारात जातो. म्हणून काढतानाच प्रत्येक तुकडा ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवावा, आणि नवी चळत चढवल्यावर लॉकरिंग लावण्याआधी नळीचं टोक बोटाने चाचपावं. शेवटची चकती त्या टोकाच्या वर आलेली बोटाला स्पष्ट जाणवली पाहिजे. या एका चाचणीची किंमत महागड्या टॉर्क रेंचपेक्षा जास्त आहे.

बसवण्याचं काम सफाईपासून सुरू होतं. कंगोऱ्यांमधला काळा मळ आणि आट्यांमधली रेती निघाली पाहिजे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर चालवलेल्या सायकलची नळी पोलादी असेल तर तिच्यावर तांबूस गंज हमखास सापडतो. तो पुसून ग्रीसचा पातळ हात फिरवला की पुढच्या खेपेला चकत्या सुखाने निघतात. मग मोठ्या चकत्या आधी. त्या बहुधा रिव्हेटने एकत्र जोडलेल्या असतात. वेगळ्या रुंदीचा कंगोरा त्याच्या खाचेशी जुळला की त्या अलगद खाली जातात. जोर लावावा लागत असेल तर खाच चुकली आहे. शेवटच्या एक-दोन लहान चकत्या सुट्या असतात आणि त्यांची पालथी-उलथी बाजू पाहून घ्यावी लागते. आकडा किंवा अक्षरं असलेली बाजू बाहेर.

लॉकरिंगच्या आट्यांना ग्रीस हवंच. हे आटे फार बारीक असतात आणि तिरके चढायला एक क्षण पुरतो. जुन्या मिस्त्रींची युक्ती इथे कामाची आहे: रिंग नळीच्या तोंडावर टेकवून आधी उलटी, म्हणजे डावीकडे फिरवायची. आट्याचं टोक आट्यावरून घसरून खाली पडतं तेव्हा बोटाला हलका ठोका लागतो. त्या जागेवरून उजवीकडे फिरवायला सुरुवात करायची, आणि पहिले दोन-तीन फेरे तरी नुसत्या बोटांनी द्यायचे. बोटांना अडलं तर पान्याने दामटायचं नाही, मागे फिरायचं. फ्रीहबचे आटे गेले की अख्खी नळी बदलावी लागते. रिंगही त्या कॅसेटचीच असावी. अकरा दात्यांच्या चकतीसाठीची रिंग व्यासाने लहान असते. बारा-तेरा दात्यांसाठीची मोठी रिंग तिथे लावली तर लहान चकतीवर आलेली चेन तिच्यावर घासते. हत्याराचंही तसंच. शिमानो आणि स्रॅमला एकच चालतं. कँपन्योलोचं दिसायला जवळपास तसंच असलं तरी मापाला वेगळं आहे आणि चुकीचं हत्यार खाचा खरवडून टाकतं.

मग आवळणं. काढताना चेन व्हिप लागतोच. बसवताना तो लागत नाही. याचं कारण फ्रीहबच्या खिट्ट्यांमध्ये आहे. लॉकरिंगचे आटे साधे, उजव्या हाताचे असतात. सुटी करताना ती डावीकडे फिरवावी लागते, आणि ती दिशा नेमकी फ्रीहब मोकळा सुटण्याची. कॅसेट कुणीतरी धरून ठेवली नाही तर ती पान्याबरोबर गिरक्या घेत राहते. आवळताना पाना उजवीकडे जातो. ती पेडल मारण्याची दिशा. खिट्ट्या अडकतात, फ्रीहब चाकाला पकडतो, आणि चाक मांडीला टेकवून टायर हाताने धरलं की पुरतं. हत्यार खाचांमधून उसळू नये म्हणून क्विक रिलीजची सळई हत्यारातून आरपार घालून तिचा नट हलका लावून ठेवावा.

पान्याचा दुसरा-तिसरा हिसका बसताच करकर असा आवाज येतो. अनेक जण इथेच थांबतात आणि कॅसेट सैल राहण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. रिंगच्या पोटाला आणि शेवटच्या चकतीच्या तोंडाला बारीक दाते कोरलेले असतात. दाबाखाली ते एकमेकांवरून घसरतात आणि आवाज करतात. रिंग उलट फिरू नये म्हणूनच ते आहेत. आवाज म्हणजे काहीतरी तुटतंय असं नव्हे, तर खरं आवळणं आत्ता कुठे सुरू झालं. यापुढे आणखी काही कट्-कट् आवाज यायचे असतात.

किती, हे ठरवायला टॉर्क रेंच उत्तम, पण ती कोणती ते पाहावं. सायकलसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लहान रेंच बहुतेक २० ते २५ न्यूटन-मीटरपर्यंतच जातात. त्यांवर ४० येतच नाही. गॅरेजमधली मोठी रेंच ४० ला सुरू होत असेल तर मापाच्या त्या तळाशी ती फारशी भरवशाची नसते. साधारण १० ते ६० ची रेंच या कामाला चांगली. ती नसेल तर प्रवासी बॅग तोलायचा लटकता काटाही चालतो. पाना हत्याराला लावायचा, हत्याराच्या मध्यापासून पान्यावर बरोबर ३० सेंटिमीटरवर काटा अडकवायचा आणि काटकोनात ओढायचं. काटा १३.६ किलो दाखवेल तेव्हा ४० न्यूटन-मीटर झाले. २५ सेंटिमीटरवर अडकवला तर १६.३ किलो. काटकोन मात्र सांभाळायला हवा; ओढ ६० अंशांवर तिरकी झाली तर तेराएक टक्के जोर वाया जातो. दोन-चारदा असं मोजून आवळलं की हाताला अंदाज येतो. शिमानो आपल्या पत्रकांत ३० ते ५० अशी पट्टी देते. म्हणजे नेमका ४० च हवा असं नाही, पण १५ नको आणि ८० नको. अति आवळलेल्या रिंगेमुळे कॅसेट जास्त पक्की होत नाही. आट्यांचं आणि पुढच्या वेळी काढणाऱ्याचं तेवढं नुकसान होतं.

शेवटी हाताने तपासायचं. लहान चकत्या बोटांत धरून हलवून पाहाव्यात. त्या एकमेकींच्या मानाने हलत असतील तर एक तर रिंग कमी आवळली आहे किंवा तो स्पेसरचा घोळ आहे. अख्खी कॅसेट एकजीव राहून स्पोकच्या मानाने किंचित डुलत असेल तर तो फ्रीहबच्या बेअरिंगचा ढिलेपणा. थोडा असणं स्वाभाविक आहे, आणि लॉकरिंग कितीही आवळली तरी तो जाणार नाही. हा फरक न ओळखल्याने पुष्कळ रिंगा विनाकारण पिळल्या जातात. तसंच चढावर पेडलच्या तालात टिकटिक ऐकू येत असेल आणि गिअरची केबल पुनःपुन्हा जुळवूनही गिअर आपोआप बदलत असतील, तर केबलला हात लावण्याआधी लॉकरिंग पाहावी.

लांब पल्ल्याच्या स्वारांना ही गोष्ट रस्त्यावरही करावी लागते. मागच्या चाकाचा स्पोक तुटतो तो बरेचदा उजव्या बाजूचा, कॅसेटच्या मागचा, कारण तिथे स्पोक जास्त ताणलेले असतात. कॅसेट काढल्याशिवाय नवा घालता येत नाही, आणि पुण्याहून गोव्याला किंवा मनालीहून लेहला निघालेला कुणी चेन व्हिप आणि हातभर पाना बरोबर नेत नाही. त्यांच्यासाठी बोटाएवढं हत्यार मिळतं. ते लॉकरिंगच्या खाचांत बसवून चाक परत फ्रेममध्ये लावायचं. हत्याराचा दांडा फ्रेमला टेकतो आणि रिंग जागेवर अडकून राहते. आता पेडल हलकेच पुढे दाबलं की चेन कॅसेटला पुढे फिरवते, रिंग फिरू शकत नाही, आणि ती सुटते. स्पोक घालून झाला की दांडा फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला टेकवायचा आणि चाक हाताने मागे फिरवायचं. त्याच खिट्ट्या आता अडकतात, कॅसेट चाकाबरोबर मागे जाते आणि रिंग आवळली जाते. यात माप कळत नाही आणि फ्रेमवर फार जोर टाकणंही बरं नव्हे. म्हणून मुक्कामाच्या गावी एखाद्या दुकानात मोठा पाना मिळाला की लॉकरिंग पुन्हा ४० ला आवळून घ्यायची, आणि सायकलवर डिस्क ब्रेक सेंटरलॉक पद्धतीचे असतील तर त्याच वेळी डिस्कची रिंगही पाहून घ्यायची. तीही बहुधा याच हत्याराने आणि याच आकड्याला आवळतात.